डासांचे गणित रुग्णालयाच्या वॉर्डात

अतिदक्षता विभागातील एका खाटेवरचा जंतू शेजारच्या खाटेवर कसा पोहोचतो, किती वेगाने पोहोचतो आणि त्याला अडवायचे तर नेमके कुठे, याचा हिशेब आता गणिताने मांडता येतो. क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर यांसारखे औषधांना न जुमानणारे जिवाणू अनेकदा रुग्णाला रुग्णालयातच गाठतात. हृदयविकारासाठी किंवा अपघातानंतर दाखल झालेला माणूस मूळ दुखण्यातून सावरतो आणि आठव्या दिवशी या नव्या पाहुण्यामुळे पुन्हा अत्यवस्थ होतो. हे थांबवायचे कसे, हे सांगणाऱ्या गणिताचे एक मूळ रुग्णालयापासून दूर, डबक्यात सापडते. हिवताप डासामुळे पसरतो हे दाखवून देणारे सर रोनाल्ड रॉस यांनी डास आणि माणूस यांच्यातील देवघेवीची समीकरणे मांडली. तीच समीकरणे पुढे वॉर्डात आली. तिथे डासाच्या जागी डॉक्टर, सिस्टर आणि वॉर्डबॉय यांचे हात आहेत.

शाळेच्या पुस्तकात रॉस भेटतात ते डासाचे पोट फाडून पाहणारे डॉक्टर म्हणून. त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध गणितात गेला, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोडा येथे झाला. मेरठमध्ये उठावाची ठिणगी पडून तीन दिवस झाले होते. वडील हिंदुस्थानी फौजेत अधिकारी. आठव्या वर्षी मुलाला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात आले. मुलाला कवी व्हायचे होते, चित्रकला आणि संगीताचीही ओढ होती. वडिलांनी ठरवले होते, की त्याने डॉक्टर होऊन हिंदुस्थानातील वैद्यकीय नोकरीत जायचे. १८७४ मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात रॉस दाखल झाले खरे, पण अभ्यासात मन नव्हते. एका परीक्षेत नापास झाले, काही काळ जहाजावर डॉक्टर म्हणून काम केले आणि अखेर १८८१ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आले. नेमणूक मद्रास इलाख्यात झाली.

लष्करी डॉक्टरला तेव्हा कामापेक्षा रिकामा वेळ जास्त असे. इतर अधिकारी शिकार आणि पोलोत रमत. रॉस यांनी गणिताची पुस्तके जमवली आणि कुणाच्या शिकवणीशिवाय बीजगणित, भूमिती, कलनशास्त्र वाचून काढले. सोबत कविता आणि कादंबऱ्याही लिहिल्या. वैद्यकाशी या नादाचा काही संबंध नव्हता. वरिष्ठांच्या दृष्टीने तो वेळेचा अपव्ययच असणार. त्याच नादाचे पुढे काय झाले ते पाहता, डॉक्टरांनी वैद्यकाबाहेरचे काही वाचू नये असा आग्रह धरणाऱ्यांनी थोडे थांबायला हरकत नाही.

डासांशी त्यांची पहिली झटापट बंगळूरला झाली. १८८३ च्या सुमारास तिथल्या बंगल्यात डास फार. खिडकीजवळ पाण्याचे एक पिंप होते, त्यात अळ्या वळवळताना दिसल्या. पिंप उपडे केले, तसे डास कमी झाले. मेसच्या आवारातही असेच करावे, ही त्यांची सूचना मात्र वरच्या अधिकाऱ्याला पटली नाही. साठलेले पाणी ओतून दिले की डास घटतात, ही आपल्याकडे दर पावसाळ्यात महापालिका सांगते ती गोष्ट रॉस यांना अशी घराच्या दारात सापडली होती.

१८९४ मध्ये लंडनला रजेवर असताना पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली हिवतापाचे परजीवी दाखवले आणि डासांबद्दलचा आपला तर्क सांगितला. रॉस त्या तर्काने झपाटले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये ते परत निघाले. मुंबई बंदरात उतरल्यावर सामान कस्टममधून सुटायच्या आत त्यांनी तिथले सिव्हिल हॉस्पिटल गाठले आणि हिवतापाचे रुग्ण शोधून रक्ताच्या काचा तयार करायला सुरुवात केली. तिथून सिकंदराबाद. दोन वर्षे शेकडो डास कापले, हाती काही लागले नाही. हुसेन खान नावाच्या रुग्णाने एका डासाच्या चाव्याला एक आणा या दराने स्वतःला डास चावून घेतले. २० ऑगस्ट १८९७ रोजी ठिपकेदार पंखांच्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना हिवतापाच्या परजीवीच्या गाठी दिसल्या. हा दिवस आज जागतिक डास दिन म्हणून पाळला जातो.

त्याच उन्हाळ्यात पुण्यात काय चालले होते, हे इथल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली घराघरांत शिरणारे सोल्जर, जबरदस्तीची तपासणी, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चिंचवडच्या चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळ्या. वरकरणी या दोन घटनांचा संबंध नाही. पण १८९८ च्या सुरुवातीला रॉस कलकत्त्याला पोहोचले, तेव्हा प्लेग आणि प्लेगची लस यांची धास्ती तिथेही पसरली होती. गोऱ्या डॉक्टरला बोटावर सुई टोचू द्यायला रुग्ण तयार होईनात. माणसांवरचा अभ्यास अडला, म्हणून रॉस पक्ष्यांच्या हिवतापाकडे वळले आणि महंमद बक्ष या सहायकाच्या मदतीने जुलै १८९८ मध्ये परजीवीचा संपूर्ण प्रवास शोधून काढला. जठरातून तो डासाच्या लाळग्रंथींत येतो आणि चाव्यातून पुढच्या पक्ष्यात उतरतो. साथ आटोक्यात आणताना लोकांचा विश्वास गमावला, तर पुढच्या कामाला त्याची झळ कशी लागते, हे कलकत्त्यातल्या त्या प्रयोगशाळेत दिसले.

१८९९ मध्ये नोकरी सोडून रॉस लिव्हरपूलच्या उष्ण कटिबंधीय वैद्यक संस्थेत शिकवू लागले. १९०२ मध्ये नोबेल मिळाले. इटलीच्या ग्रासी यांच्याशी श्रेयावरून झालेले भांडण त्यांनी आयुष्यभर जपले. स्वभाव तिखट, मानापमानाची जाणीव तीव्र. त्या भांडणाचा तपशील इथे नको, त्यातून आरोग्याला काही मिळालेले नाही.

खरी अडचण नोबेलनंतर सुरू झाली. डास हिवताप पसरवतो हे मान्य झाले, पण डास मारून हिवताप जातो का? लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत याचा प्रयोग झाला. डबकी बुजवली, कालव्यांच्या पाटांची साफसफाई केली, अळ्या मारल्या. हिवताप काही हटला नाही. सगळे डास कुणालाच मारता येणार नाहीत, तेव्हा हा खटाटोप सोडून द्यावा, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. रॉस संतापले. त्यांचे म्हणणे असे होते, की किती डास कमी केले, किती व्हायला हवे होते आणि बाहेरून किती आले, याचा आकडाच कुणी मांडलेला नाही. मग प्रयोग फसला हे कशावरून ठरवले?

इथे रिकाम्या वेळेतले ते गणित कामाला आले. १९०४ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी एक प्रश्न सोडवायला घेतला. एका वर्तुळातले सगळे डास नष्ट केले, पण भोवताली ते तसेच आहेत. डास कसाही, कुठल्याही दिशेला भरकटत उडतो. मग साफ केलेल्या भागात बाहेरून किती डास येतील? उत्तर असे, की सीमेलगत बरेच येतील, आत जाऊ तसे झपाट्याने कमी होत जातील, आणि साफ केलेला भाग लहान असेल तर त्याला मधला सुरक्षित गाभाच उरणार नाही. छोट्याशा छावणीत केलेली साफसफाई का वाया जाते, ते यातून कळते. लंडनचे संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी हा प्रश्न पुढे नेला.

दुसरे काम मॉरिशसचे. १९०७-०८ मध्ये त्या बेटावर हिवतापाची पाहणी करायला रॉस गेले आणि अहवालात त्यांनी साथीचे गणित मांडले. त्यातला हिशेब शाळकरी मुलालाही समजेल असा आहे. डास रुग्णाला चावला तरच त्याच्यात परजीवी जाणार. चार डासांतल्या एकालाच माणूस चावायला मिळतो असे धरू. परजीवी डासाच्या अंगात पक्व व्हायला दहाएक दिवस लागतात, तेवढे दिवस तिघांतला एकच डास जगतो. आणि जगलेल्यांपैकी पुन्हा चारातल्या एकालाच दुसऱ्या माणसाला चावायची संधी मिळते. चार गुणिले तीन गुणिले चार, म्हणजे ४८ डासांमागे एकच डास ही फेरी पूर्ण करतो. दुसऱ्या बाजूला जुने रुग्ण बरेही होत असतात. नवे रुग्ण बरे होणाऱ्यांपेक्षा कमी पडले, की साथ आपोआप ओसरते. या हिशेबातून रॉस यांना माणशी सुमारे ४० डास हा आकडा मिळाला. त्याच्या खाली डास गेले, तर ते जिवंत असूनही हिवताप टिकू शकत नाही.

हा उंबरठा रॉस यांच्या गणिताचा गाभा आहे. सगळे डास मारायची गरज नाही. पण उंबरठ्याच्या वर राहिलात, तर कितीही घाम गाळा, हिवताप थोडा घटेल आणि तिथेच ठाण मांडून बसेल. मियाँ मीरच्या टीकाकारांना हे दिलेले उत्तर होते. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिवताप प्रतिबंधावरच्या ग्रंथात आणि पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत ही समीकरणे आणखी नेटकी झाली. १९१५ ते १९१७ या काळात त्यांनी कुठल्याही साथीला लागू पडेल असे व्यापक गणित रचले. शेवटच्या दोन भागांत हिल्डा हडसन या गणितज्ञ बाईंची त्यांना साथ होती. महायुद्ध सुरू झाले होते, थोरला मुलगा १९१४ च्या ऑगस्टमध्येच रणांगणावर मारला गेला होता. डॉक्टरांना समीकरणे कळत नव्हती आणि गणितज्ञांना हिवतापात रस नव्हता. त्या काळात हे लेखन वाचणारे फार थोडे होते.

त्या थोड्यांपैकी एक होते अँडरसन मॅकेंड्रिक. १९०१ च्या सुमारास रॉस यांच्याबरोबर आफ्रिकेतील सिएरा लिओनला गेलेले हे तरुण डॉक्टर पुढे कसौलीच्या पाश्चर संस्थेत होते. एडिंबराला परतल्यावर त्यांनी विल्यम कर्मॅक यांच्या साथीने १९२७ मध्ये साथींचे गणित मांडणारा तो प्रसिद्ध निबंध लिहिला. कर्मॅक यांची दृष्टी प्रयोगशाळेतील स्फोटात गेली होती. सारी गणिते ते मनात करत. निबंधात समीकरणाची परीक्षा घेण्यासाठी त्यांनी आकडे निवडले ते आपल्या मुंबईचे. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील प्लेगचे आठवड्यागणिक मृत्यू. आधी हळूहळू चढणारी, मग उसळणारी, शिखराला आठवड्याला सुमारे ८९० मृत्यूंपर्यंत जाणारी आणि तशीच उतरणारी ती रेघ समीकरणाने जवळपास हुबेहूब काढली. मुंबईचा प्लेग उंदीर आणि पिसवांमधून पसरत होता. साध्या समीकरणात ही गुंतागुंत बसत नाही, अशी टीका नंतरच्या अभ्यासकांनी केली आहे आणि ती रास्त आहे. रेघ जुळली म्हणजे कारण सापडले असे होत नाही. कोविडच्या काळात रोज नवा आलेख पाहिलेल्यांना हे वेगळे पटवून द्यावे लागणार नाही.

रॉस यांची अखेरची वर्षे आजारपणाची आणि पैशाच्या चणचणीची होती. १९२७ मध्ये ते कलकत्त्याला येऊन आपल्या स्मारकाच्या कमानीचे उद्घाटन पाहून गेले. १९२८ मध्ये आपले कागदपत्र २००० पौंडांना विकावे लागले. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडनमध्ये, त्यांच्याच नावाने सुरू झालेल्या संस्थेत त्यांचे निधन झाले.

त्याच रॉस इन्स्टिट्यूटचे पुढे प्रमुख झालेले जॉर्ज मॅकडोनल्ड यांनी १९५० च्या दशकात ही समीकरणे पुन्हा हातात घेतली. एका रुग्णापासून सरासरी किती नवे रुग्ण तयार होतात, हा आकडा त्यांनी केंद्रस्थानी आणला. तो एकाच्या वर असेल तर रोग टिकतो, एकाच्या खाली गेला की विझतो. रॉस यांचा उंबरठाच, फक्त अधिक सोप्या भाषेत. मॅकडोनल्ड यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. डासांची संख्या निम्मी करण्यापेक्षा डासाचे आयुष्य कमी करणे कितीतरी जास्त परिणामकारक ठरते. पोटातला परजीवी पक्व व्हायच्या आत डास मेला, तर तो कितीही जणांना चावला असला तरी काही बिघडत नाही.

नेमक्या याच दशकात पिंपरीत एक वेगळी आशा आकार घेत होती. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. इथले लोक तिला एच.ए. कंपनी म्हणूनच ओळखतात. पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. आजच्या उद्योगनगरीची ती पहिल्या काही कारखान्यांपैकी एक. जिवाणूंचा प्रश्न आता औषधाने सुटणार, अशी त्या काळी जगभर समजूत होती. पण त्याच सुमारास मोठमोठ्या रुग्णालयांत पेनिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ठाण मांडू लागला होता. पुढे प्रत्येक नव्या औषधाची हीच कथा झाली. औषध जंतू मारते. तो एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जाण्याची वाट मात्र ते बंद करत नाही. उलट औषधाला पुरून उरलेल्या जंतूला मोकळे रान मिळते.

ही वाट कोणती, हे व्हिएन्नाच्या इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्येच दाखवले होते. प्रसूती कक्षात डॉक्टरांनी क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला सुरुवात करताच बाळंतिणींचे मृत्यू १०० मागे १८ वरून दोन-तीनवर आले. त्यांच्याकडे मोजदाद होती, समीकरण नव्हते. किती हात, किती वेळा, आणि किती धुतले म्हणजे पुरे, हा प्रश्न तसाच राहिला.

१९९९ मध्ये शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयातील अतिदक्षता विभागाच्या माहितीवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हँकोमायसिन या राखीव औषधालाही न जुमानणारा एन्टेरोकोकस तिथे मुक्काम करून होता. संशोधकांनी त्यासाठी रॉस आणि मॅकडोनल्ड यांचे हिवतापाचे प्रारूप उचलले. रुग्ण म्हणजे माणूस, कर्मचाऱ्याचे हात म्हणजे डास, आणि रुग्णाला केलेला प्रत्येक स्पर्श म्हणजे चावा. डासाला रोग पसरवायला दोनदा चावावे लागते, एकदा घ्यायला आणि एकदा द्यायला. हातालाही दोन स्पर्श लागतात. पहिल्या रुग्णाचे ड्रेसिंग, लघवीची नळी किंवा व्हेंटिलेटरची नळी हाताळली, आणि मग तसाच हात दुसऱ्या रुग्णाच्या सलाइनला लागला. मधल्या वेळात हात धुतला, तर तो डास मेला. मॅकडोनल्ड यांनी सांगितलेले डासाचे आयुष्य म्हणजे इथे न धुतलेल्या हाताचा काळ.

या अभ्यासात काही काळजी घेतली नाही, तर एका रुग्णापासून तीन ते चार नव्या रुग्णांकडे जंतू जाईल असे दिसले. हातांची स्वच्छता आणि ठरावीक सिस्टरने ठरावीक रुग्णच सांभाळणे, या दोन उपायांनी तो आकडा एकाच्या खाली आला होता. तरीही जंतू जात का नव्हता? कारण बाहेरून तो अंगावर घेऊनच नवे रुग्ण दाखल होत होते. सेंट लुइसच्या व्याख्यानातले वर्तुळ इथे पुन्हा भेटते. आत साफ केले, पण सीमेवरून डास येतच राहिले.

उंबरठ्याचा अर्थ समजण्यापुरता एक साधा हिशेब करून पाहू. समजा एका रुग्णापासून चार जणांना जंतू मिळतो. या गणितानुसार अशा वॉर्डात कालांतराने चारपैकी तीन रुग्णांच्या अंगावर तो असेल. आता कर्मचाऱ्यांनी निम्म्या वेळा हात धुतले. चारचे दोन झाले, पण अजूनही निम्म्या रुग्णांवर जंतू आहेच. प्रयोगशाळेचे अहवाल तेच सांगतात, सिस्टर वैतागतात, साहेब म्हणतात की एवढे करून उपयोग काय. इथेच मोहीम सोडून दिली जाते. मियाँ मीरला नेमके हेच झाले होते. चारपैकी तीन वेळा हात धुतले की आकडा एकवर येतो, आणि त्याच्या पुढे जाऊन पाचपैकी चार वेळा धुतले, तर बाहेरून भर पडत नसेल तेव्हा जंतू वॉर्डातून हळूहळू नाहीसा होतो. निम्म्यापर्यंत आणायला लागलेली मेहनत वाया गेलेली नसते. पुढची मेहनत न केल्यामुळे तिचे फळ दिसलेले नसते. शंभर टक्के जमत नाही म्हणून काहीच न करणाऱ्यांना आणि निम्म्यावर समाधान मानणाऱ्यांना, दोघांनाही या गणितात उत्तर आहे.

डास आणि हात यांच्यात एक फरक आहे आणि तो हातांच्या विरोधात जातो. डासाच्या पोटात परजीवी तयार व्हायला दहाएक दिवस जातात. हाताला वाट पाहावी लागत नाही. एका खाटेवर लागलेला जंतू पुढच्याच मिनिटाला दुसऱ्या खाटेवर जाऊ शकतो. म्हणून रुग्णाला हात लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर, दोन्ही वेळा हात स्वच्छ करायचे असतात. खाटेशेजारीच हँडरबची बाटली अडकवलेली असते, तीही त्याचसाठी. बेसिन वॉर्डच्या टोकाला असेल, तर दर रुग्णामागे तिथवर चालत जाणे घाईच्या वेळी कुणाकडूनच होत नाही. ग्लोव्हज घातले म्हणून काम भागत नाही. एकच जोडी घालून चार रुग्ण पाहिले, तर तो तोच डास झाला.

शिवाय जंतू अंगावर असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. कातडीवर, आतड्यात किंवा घशात हे जिवाणू बाळगणाऱ्या बऱ्याच जणांना कसलाही त्रास नसतो. रॉस यांनाही हिवतापात हाच पेच पडला होता. ताप नसलेल्या माणसाच्या रक्तातही परजीवी असतात आणि डास ते उचलतात. त्यामुळे फक्त तापलेल्या रुग्णापासून सावध राहून भागत नाही.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात हे गणित लावायचे, तर एका रुग्णालयाच्या चार भिंतींत ते मावत नाही. चाकणच्या एखाद्या कारखान्यात प्रेसखाली हात सापडतो. पहिला उपचार जवळच्या छोट्या रुग्णालयात होतो. मग भोसरी किंवा पिंपरीत मोठी शस्त्रक्रिया, गुंतागुंत झाली तर पुण्याला ससूनला रवानगी. नाशिक रस्त्यावरच्या अपघातातल्या रुग्णाचाही साधारण हाच प्रवास. प्रत्येक टप्प्यावर नवी खाट, नवे हात, नवी प्रतिजैविके. एका रुग्णालयाने आपला आकडा एकाच्या खाली आणला, तरी शेजारच्याकडून येणारे रुग्ण तो पुन्हा वर नेऊ शकतात. रुग्ण पुढे पाठवताना त्याच्या कागदांबरोबर मागच्या जंतू तपासणीचा अहवालही गेला, आणि तसा रुग्ण पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवता आला, तर ही आवक कमी होते. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही, एक फोन आणि एक कागद पुरतो. लहान वर्तुळ साफ केले तर सुरक्षित गाभा उरत नाही, हे रॉस यांनी छावणीबद्दल दाखवले होते. या पट्ट्यात ते वर्तुळ चाकणपासून पुण्यापर्यंत आखावे लागेल.

सिस्टरांची संख्या हाही या समीकरणातला एक आकडा आहे. एका सिस्टरकडे रुग्ण वाढले, की दोन स्पर्शांमधला वेळ घटतो, हात धुणे सुटते आणि तेच हात जास्त खाटांवर फिरतात. तिन्ही गोष्टी आकडा एकाच दिशेला ढकलतात. हात धुण्याचे फलक लावणे सोपे असते. ड्यूटीच्या तक्त्यात आणखी एक नाव वाढवणे अवघड असते. गणितात मात्र दोन्हींचे वजन स्पष्ट दिसते.

शिकागोच्या प्रारूपात नसलेला एक डास आपल्या वॉर्डांत हमखास असतो. तो म्हणजे नातेवाईक. रुग्णाला कुशीवर वळवणे, भरवणे, भांडे देणे, लघवीची पिशवी रिकामी करणे ही कामे आपल्याकडे बायको, मुलगा किंवा गावाहून आलेला चुलतभाऊ करतो. शेजारच्या खाटेवरचे आजोबा एकटे असतील, तर माणुसकीने त्यांनाही हात देतो. ही माणुसकी थांबवावी असे कुणी म्हणणार नाही, थांबणारही नाही. पण मधल्या वेळात त्याने हात धुतला का, हे आज आपल्या कुठल्याच वॉर्डात फारसे मोजले जात नाही. भारतीय वॉर्डासाठी हे गणित मांडायचे, तर या हातांचा हिशेब आधी करावा लागेल. आणि दाखल होण्याच्या दिवशी नातेवाइकाच्या हातात केस पेपर देताना हँडरबची बाटली कुठे आहे, तेही दाखवावे लागेल.